अनुभव धागा: अलीकडे काय वाचलंत, काय पाहिलंत, आणि कोणासोबत हसलात?

वाटाणे_सोलणारी

परवा पाण्याच्या फिल्टरची कँडल बदलायला एक मुलगा घरी आला होता. हॉलमध्ये टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' चालू होता. कितव्यांदा ते विचारू नका, सासूबाई भाजी निवडायला बसल्या की लावतातच. तर हा ओट्यापाशी वाकून पान्याने नट सोडवतोय, बाहेर सुधीर जोशी औषधाच्या पैशांची चौकशी करतायत, आणि अशोक सराफ तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "सत्तर रुपये वारले!"

सासूबाईंच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली हसून.

मुलगा फार तर पंचविशीचा, पिक्चर १९८८ चा. म्हटलं, तुला रे कसं पाठ? तर म्हणे, "ताई, आजोबा लावायचे ना आमचे." मग पाना हातात घेऊन दारात उभा राहिला तो वीस मिनिटं तिथेच.

तेव्हापासून डोक्यात एकच आठवण घोळतेय. आमच्या चाळीत गणपतीत मंडळाने भाड्याने व्हीसीआर आणलेला, सतरंजीवर आम्ही पोरं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. माझे बाबा एसटीत कंडक्टर. घरी आले की रोकड आणि तिकिटांचा हिशेब जुळेपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत, जुळल्यावरही फारसे नाहीच. त्या रात्री मागून कोणीतरी खो खो हसत होतं, खोकत होतं, परत हसत होतं. कोण आहे म्हणून मी वळून पाहिलं, तर बाबा! त्यांच्या हसण्याचा आवाज मला ओळखूच आला नव्हता.

असो. तुम्ही सांगा. नवं-जुनं काहीही चालेल, कादंबरी, सिनेमा, मालिका. परीक्षण नको, स्टार वाटू नका. कुठे, कोणाबरोबर, काय झालं ते लिहा.

ढापण्या

कँडलचे किती घेतले?

वाटाणे_सोलणारी

धागा कशाचा, तुझं काय! साडेसातशे.

ढापण्या

लुटलं.

रांग_एफ_मधला_एकटा

'बाईपण भारी देवा' आला होता तेव्हाची गोष्ट, २०२३ चा पावसाळा. मी फक्त आई आणि दोन मावश्यांना थेटरात सोडायला गेलो होतो. तिसऱ्या मावशीचा गुडघा ऐनवेळी दुखायला लागला आणि तिचं तिकीट माझ्या गळ्यात पडलं. आत गेलो तर सगळ्या बायका! नऊवारी, नथ, वर गॉगल. डोअरकीपर आणि मी एवढेच पुरुष. तोही मधून मधून बाहेर पळत होता, मला ती सोय नव्हती.

मध्यंतरात पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत फुगड्या सुरू झाल्या. मागच्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, "भाऊ, जरा धरता का?" आणि पर्स दिली. ते बघून बाकीच्यांनी दिल्या. मांडीवर सात पर्सा, एक पाण्याची बाटली आणि एक गाढ झोपलेलं बाळ. बाळ कोणाचं ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण न्यायला आल्या कोणीतरी.

पिक्चरचं म्हणाल तर मला पसरट वाटला, अर्धा तास सहज कापता आला असता. पण त्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात ना, तिथे आई रुमाल शोधायला लागली. परत येताना गाडीत तिने नागपूरच्या मावशीला फोन लावला. घराच्या वाटणीनंतर दोघी बोलत नव्हत्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, मला "एसी वाढव आणि समोर बघ" असा हुकूम होता.

कढीलिंब

बाळ न्यायला 'कोणीतरी' आल्या????

रांग_एफ_मधला_एकटा

बाळ ओळखून हसलं त्यांच्याकडे बघून. एवढा पुरावा मला पुरे.

टेबल_क्रमांक_दोन

ग्रामपंचायतीत आहे. आधी ग्रामसेवक म्हणायचे, आता पद 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, गावात अजून भाऊसाहेबच.

'पंचायत' दुसऱ्यांदा बघून संपवली. पहिल्यांदा बघितली तेव्हा बायको हसत होती आणि मी गप्प. तिला वाटलं मला आवडली नाही. अहो, मी काय बोलणार, तो मॉनिटर चोरीला जातो तो भाग बघताना मला आमच्या कार्यालयातला प्रिंटर दिसत होता. चोरीला नाही गेला, पण एका सदस्याच्या घरी लग्नपत्रिकेचा नमुना छापायला म्हणून गेला तो दीड महिना तिकडेच. मी रोज नमुना आठचे, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचे, उतारे हाताने लिहून देत होतो.

आणि दुधी! रघुवीर यादव जो उठसूट दुधी देत असतो, ते खरं आहे. आमच्याकडे दुधीऐवजी शेवगा. सीझनला मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी शेंगा लावून घरी येतो, भालदार-चोपदारासारखा. नको म्हटलं तर माणूस दुखावतो, आणि घेतलं तर घरपट्टी मागायची जीभ रेटत नाही.

बायको आता शेवगा बघितला की म्हणते, सचिवजी आले.

सुलू_मावशी

शेवग्याची पानं देत नाही का कोणी? भाजी छान होते. आम्हाला इकडे मिळत नाहीत.

टेबल_क्रमांक_दोन

मावशी, पत्ता कळवा, झाड पाठवतो.

ढापण्या

मला 'बनवाबनवी' आवडत नाही. मारा आता.

कढीलिंब

सरपोतदार, यांना आधी घराबाहेर काढा.

मी_पाटणची

हसण्याचं नाही, चालेल का? कृष्णात खोतांची 'रिंगाण' वाचली. साहित्य अकादमी मिळालं तेव्हाच घेऊन ठेवली होती, कपाटात पडून राहिली. धरणासाठी गाव उठवलं, माणसं दुसरीकडे गेली आणि मागे राहिलेली म्हैस रानटी झाली, तिला आणायला परत जायचं, अशी गोष्ट. पहिली वीस-पंचवीस पानं मला जड गेली, खोटं कशाला बोलू. वाक्यं तुटक, बोली आपलीच पण डोळ्यांनी वाचायची सवय नाही. मग मोठ्याने वाचायला लागले आणि झरझर पुढे गेली.

मोठ्याने वाचते म्हणून आजी शेजारी येऊन बसायची. तिचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलं. नातेवाईक कोण रायगडला, कोण सोलापूरकडे. ती पुस्तकाबद्दल अवाक्षर बोलली नाही. तीन दिवस ऐकलं आणि चौथ्या दिवशी मधेच म्हणाली, "आमची कपिली पण येईना गाडीत. दावं सोडलं आन तशीच ठेवली." कपिली गाय. एवढ्या वर्षांत घरात कोणीच हे नाव ऐकलं नव्हतं, माझ्या वडिलांनीसुद्धा.

पुढचं प्रकरण मग मी दोन दिवसांनी वाचलं.

वाटाणे_सोलणारी

सगळं चालेल गं. आजीला नमस्कार सांग.

रात्रपाळी

फोनवर लिहितेय, चुका पोटात घाला. आयसीयूत सिस्टर आहे. आमच्या चेंजिंग रूममध्ये पहाटे साडेतीन-चारला 'हास्यजत्रा'चं एक स्किट हा नेम आहे. एकच मोबाइल, एकच इयरफोन, एक कान माझा एक कान दुसरीचा. हसायचं पण आवाज काढायचा नाही, भिंतीपलीकडे पेशंट. आवाज न काढता हसून बघा, बरगड्या दुखतात. नम्रता संभेरावची लॉली लागली की आम्ही तोंडात ॲप्रनचा कोपरा धरतो.

एकदा दार उघडलं तर बाहेर एका पेशंटची मुलगी उभी. आठ दिवस बाहेर बाकड्यावर झोपत होती. आम्ही दोघी चोरी पकडल्यासारख्या. ती म्हणाली, "कोणतं लागलंय?" मग आत बसली. दोन कानांत तीन जणी बसेनात म्हणून इयरफोन काढला आणि आवाज एकवर ठेवला.

बेल वाजली, येते.

कढीलिंब

फिल्टरवाला सत्तर रुपये म्हणतो आणि इथे फिल्टरपाड्याचा बच्चन आठवतोय मला. गौरव मोरेला पण धाग्यात जागा द्या.

थंडीतली_चपाती

टोरांटोहून. बाहेर उणे अठरा, आत आम्ही टिपरे. लेक अकरा वर्षांचा, मराठी समजतं पण बोलताना 'माझा आई आला' असं. त्याला 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लावून दिली आणि म्हटलं बघ आपल्याकडची घरं कशी असतात. सुरुवातीला विचारायचा, यांच्या घरात दार कोणीच का लावत नाही?

पण आबांनी त्याला पकडलं. भागाच्या शेवटी आबा डायरी लिहितात ना, त्याने पण सुरू केली. मोडकी-तोडकी, देवनागरीत. परवा वही उघडी होती म्हणून वाचलं, नाहीतर मी नाही वाचत (वाचते): 'आज आईने पास्ता केला. तो पास्ता आहे असं आई म्हणते. बाबा काही बोलले नाही. मी पण नाही बोललो. घरात शांतता आहे.'

प्रभावळकरांनी आमच्या घरात भलताच लेखक तयार केलाय.

सुलू_मावशी

तुमच्यासाठी ते आबा. माझ्यासाठी चिमणरावच. शेजारी जोशीकाकूंकडे टीव्ही होता, ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्यावर निळी काच लावलेली. पंधरा-सोळा जण दाटीवाटीने. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ आला की आमचे हे उठून उभे राहायचे, मागच्यांना दिसायचं नाही, भांडणं. ती मालिका आता कुठे मिळेल का बघायला? नातवाला दाखवायची आहे.

वाडयेतलो

प्रभावळकरांचा विषय निघालाच आहे तर 'दशावतार'. सप्टेंबरात चतुर्थी आटपून मुंबईला परतल्यावर पाहिला. ऐंशी ओलांडलेला माणूस, तोंडाला रंग लावून उभा राहिला आणि शेजारी बसलेल्या वडिलांनी माझा हात दाबला. "माका वाटला, ह्यो म्हातारो आमच्या वाडयेतलोच."

आमच्याकडे जत्रेत रात्री उशिरा पेटी सुरात लागायची. नाटकाला लिहिलेली संहिता नाही, कोणी काय बोलायचं ते रंगमंचावरच. आणि स्वतःचा रंग प्रत्येकाने स्वतःच लावायचा. लहानपणी मी मंदिरामागे चोरून बघायचो, पेट्रोमॅक्सच्या उजेडात एक काका हातातल्या फुटक्या आरशात बघून भुवई काढत होते. अर्धा चेहरा द्रौपदीचा, अर्ध्याची दाढीची खुंटं दिसतायत, ओठात विडी. मला म्हणाले, "काय रे, च्या मिळात काय खय?" द्रौपदीने चहा मागितला म्हणून मी धावत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी तेच काका नारळाचं पोतं डोक्यावर घेऊन चढण चढत होते. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' म्हणतात ते उगाच नाही.

तक्रार एकच, काही जणांची मालवणी दादर स्टेशनला गाडीत बसलेली वाटली. आणि वडिलांचं म्हणणं, एवढ्या मोठ्या पडद्यावर दशावतार बघताना शेंगदाण्याची पुडी हवी, मक्याच्या लाह्या कसल्या विकता.

ढापण्या

पॉपकॉर्नचे किती घेतले?

वाडयेतलो

सांगलंय तर रडशील.

अर्धा_चहा

'वाळवी' बघायला बसले होते, शेजारी नवरा, ज्याने ऑफिसच्या लोकांबरोबर आधीच पाहिला होता. शपथ घेतलेली, एक शब्द बोलणार नाही. बोलला नाहीच. पण माणूस श्वास कसा घेतो त्यावरून कळतं हो! काही होणार असलं की याचा श्वास अडकायचा. अनिता दाते फोन उचलते, याचा श्वास अडकला. सुबोध भावेच्या दवाखान्यात शिरले, परत अडकला. शेवटी पॉज करून त्याला गॅलरीत कपडे वाळत घालायला पाठवलं, मग निवांत बघितला. परेश मोकाशींनी शेवट काय केलाय! (सांगत नाही.) गॅलरीतून विचारतोय, "झालं का? ते झालं का?"

कढीलिंब

माझं छोटंसं. 'रारंग ढांग', प्रभाकर पेंढारकर. तिसऱ्यांदा. लायब्ररीची प्रत, आणि माझ्याआधी कोणीतरी पेन्सिलीने समासात लिहिलंय. विश्वनाथ रस्त्याच्या कामात वरिष्ठांशी वाद घालतो तिथे 'बरोबर!!' आणि पुढे कोर्ट मार्शलच्या पानांवर 'मी असतो तर गप्प बसलो असतो'. अक्षर म्हाताऱ्या माणसाचं वाटतं, लपेटदार. मला आता पुस्तकापेक्षा या माणसाबद्दल उत्सुकता. लायब्ररीतल्या बाई नाव सांगायला तयार नाहीत, म्हणे नियम आहे. मी खाली लिहून ठेवलंय, 'का?' आणि पुस्तक परत केलंय. बघू.

थंडीतली_चपाती

अगं लायब्ररीच्या पुस्तकात लिहिलंस??

कढीलिंब

पेन्सिलीने!

ढापण्या

ठीक आहे, मीही लिहितो. 'बनवाबनवी' आवडत नाही कारण एका मुलीला घेऊन गेलो होतो बघायला, कॉलेजात, री-रन. ती इतकी हसली की मी काय बोलतोय ते तिने पूर्ण दोन तासांत एकदाही ऐकलं नाही. मी त्या दोन तासांत जे बोललो ते महत्त्वाचं होतं.

अर्धा_चहा

अरे देवा. मग?

ढापण्या

मग काय. तिच्या लग्नात लिंबू कलरची साडी दिली.

रात्रपाळी

आले परत. ढापण्या 😂 इथे सगळ्या सिस्टर्सना वाचून दाखवलं. आणि त्या पेशंटच्या मुलीचं विचारत होता ना कोणी, नाही विचारलं? असो, तिचे वडील वॉर्डमध्ये शिफ्ट झाले. आज तिने स्वतःचा इयरफोन आणलाय.

वाटाणे_सोलणारी

सगळ्यांचं वाचतेय, वाटाणे केव्हाच संपले. एक राहिलं सांगायचं. काल सकाळी ओट्याखाली तळं. तो मुलगा पिक्चरच्या नादात हाउजिंग पुरतं आवळायलाच विसरला होता. फोन केला, बिचारा तासाभरात आला, सॉरी सॉरी म्हणत आवळून दिलं, फरशीसुद्धा पुसायला लागला. मी विचारलं, फेरीचे किती द्यायचे रे?

सासूबाई हॉलमधून ओरडल्या, "वारले!"

सुलू_मावशी

चिमणराव कुठे मिळेल ते सांगितलं नाही कोणी.