माय गावाकडं एकटी, बीपी-शुगरचं कसं करायचं?

केजवाला_पुण्यात:
माय ७४ ची, केज तालुक्यात एकटीच राहायली, मी पुण्यात कंपनीत. बीपी शुगर दोन्ही हाय. आरोग्य केंद्र ७ किलोमीटर, सकाळची जीप गेली की दुपारपर्यंत काईच नाई. मागं गेलो तर शुगरच्या गोळ्या विळीवर अर्ध्या करून चहापत्तीच्या डब्यात ठेवलेल्या. विचारलं तर म्हणली "पुरवून खायलेय रे". पुण्याला आणलं तर आठ दिवसात गावाकडं सोड म्हणून मागं लागती. ७० च्या वरच्यांचं आयुष्मान कार्ड निघालंय म्हणं, त्यात गोळ्या बसतात का?

गोदाकाठचा:
बप्पा कार्ड काढूनच घ्या, वय वंदना म्हणतात, ऑक्टोबर २०२४ पासून चालू हाय. उत्पन्नाची अट नाई, आधारवर ७० पूर्ण पाहिजे, वर्षाला ५ लाखापर्यंत. पण ते ॲडमिट झाल्यावरच कामाला येतं, महिन्याच्या गोळ्या ओपीडी काई नाई, आणि दवाखाना यादीत हाय का ते आधी बघा. आमच्या आजोबाचा अंगठाच उमटंना, जन्मभर ऊस तोडून रेषा घासल्यात, तीन चकरा झाल्यावर शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून झालं.

आशाताई_लातूर:
दादा कार्ड नंतर, आधी गोळ्या अर्ध्या करून खाणं बंद करा. मी आशाचंच काम करते, असली घरं लई बघितलीत. बीपी शुगरच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात, हे मायला कोणी नीट सांगितलेलंच नसतंय, म्हणून पुरवून खातात. ७ किलोमीटर कशाला, जवळचं उपकेंद्र बघा, तिथं बऱ्याच ठिकाणी सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, बीपी शुगर बघून महिनाभराच्या गोळ्या द्या म्हणा. आणि तुमच्या गावच्या आशाचा नंबर घेऊन ठेवा. कागदावर आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस म्हाताऱ्या माणसांची ओपीडी हाय, पण रांग सगळ्यांचीच एक, गुडघे धरून उभं राहायचं. गोळ्या त्याच चहाच्या डब्यापाशी ठेवा पण पाकिटासकट, सकाळी चहा ठेवताना हात जातोच.

उमरग्याचा_पोरगा:
७५ झाल्यावर एसटी पण फुकट हाय, आता अर्धं तिकीट लागंल. फक्त गाडी गावात आली पाहिजे 😀

केजवाला_पुण्यात:
ताई तुमचं ऐकून काल उपकेंद्राचा पत्ता काढला, दोनच किलोमीटरवर निघालं, मला इतक्या वर्षात माहितच नव्हतं. चुलतभाऊ गाडीवर घेऊन गेला. शुगर २६० निघाली. माय फोनवर म्हणली उपकेंद्रातली पोरगी बोलायला गोड हाय, पण सुई लई टोचती.