दंड भरून काय शिकलात? धंद्यातले कर, पगार आणि उधारी

माल, मशीन, जागा यांबद्दल सल्ला द्यायला दहा माणसं भेटतात. जीएसटी आणि पीएफ मात्र बहुतेकांनी खिशाला चाट बसल्यावरच शिकलेले असतात. तुमची चाट कुठे बसली ते इथे लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा. सुरुवात माझ्यापासून.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, २२ माणसं. २०२१-२२ मध्ये एका पार्टीचे पैसे लांबले. पगार थांबवायचे नाहीत म्हणून पगारातून कापलेला पीएफ तेवढा तीन महिने मागे ठेवला, नंतर व्याजासकट भरला. विषय मिटला असं धरून चाललो. रिटर्नच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: कामगाराचा वाटा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरला नसेल तर प्राप्तिकरात मालकाला त्याची वजावट नाही, नंतर भरला तरी नाही. मालकाच्या वाट्याला रिटर्नच्या तारखेपर्यंत मुभा होती, कामगाराच्या वाट्याला नव्हती. म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर मी प्राप्तिकर भरला! सीएंकडे चरफडलो तर ते म्हणाले, "कापलात तेव्हा तो कोणाचा होता?" आता पगाराच्या दिवशीच चलन काढतो.

मसाल्यांचा घरगुती उद्योग, कोल्हापूर

मी कंपोझिशनमध्ये, म्हणजे जीएसटीच्या छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या योजनेत होते. उलाढालीवर १ टक्का, तोही आपल्या खिशातून, बिलावर लावायचा नाही. कटकट कमी म्हणून घेतलं आणि दोन वर्षं सुखात गेली. मग बेळगावहून चांगली ऑर्डर आली आणि कळलं की कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. पुणे बेळगावच्या दुप्पट लांब, तिथे चालतं. बेळगावला पाहुण्यांच्या हातून डबे जातात, पण बिल जात नाही!

रेग्युलरमध्ये, म्हणजे नेहमीच्या जीएसटीत गेले. तिथे दुसरी चूक. हातातल्या साठ्यावरचं क्रेडिट (खरेदीत भरलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा करणं) मिळवायला ३० दिवसांत आयटीसी-०१ फॉर्म भरायचा असतो. मिरचीचा हंगाम चालू होता, दिवस कसे गेले कळलंच नाही. क्रेडिट बुडालं.

ऑफसेट प्रिंटर

कागदवाल्याला टॅक्ससकट पूर्ण पैसे दिले, त्याने जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरलंच नाही. माझ्या २बीमध्ये (पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या यादीत) बिल नाही, म्हणजे क्रेडिट नाही. तोच टॅक्स मी पुन्हा भरला. हल्ली नव्या सप्लायरला मूळ रक्कम आधी देतो, टॅक्स २बीमध्ये दिसल्यावर. काहीजण रागावतात. रागावू देत.

कोरुगेटेड बॉक्स बनवतो

लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करण्याच्या नियमाबद्दल लिहितो, कारण त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. ही मुदत २००६ च्या एमएसएमई कायद्यातच आहे, उशिराला बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही आहे. पण कायम येणाऱ्या गिऱ्हाइकाला व्याजाचं बिल कोण पाठवतो? मी तरी कधी पाठवलं नाही. खरी हालचाल झाली ती प्राप्तिकरातल्या ४३बी(एच) कलमामुळे. मुदत उलटली तर माल घेणाऱ्याने तो खर्च, पैसे देईल त्या वर्षीच धरायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका कंपनीने स्वतःहून माझं उद्यम सर्टिफिकेट (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) मागितलं आणि मार्चअखेर अडकलेली तिन्ही बिलं चुकती केली. मी पेढे वाटायचाच बाकी होतो. एप्रिलपासून ऑर्डर अर्ध्यावर आली. उरलेलं काम 'मीडियम', म्हणजे मध्यम उद्योगांच्या गटातल्या पुरवठादाराकडे गेलं, तिथे हे कलम लागत नाही.

हार्डवेअर होलसेल

वरच्यांना पुस्ती: उद्यम नोंदणी माझीही आहे, पण ट्रेडर म्हणून. आम्हाला ती प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरती. ४५ दिवसांचा धाक दाखवायला गेलो आणि समोरच्या अकाउंटंटने हसून परत पाठवलं.

फर्निचर कारखाना

एका कारागिराने ९ वर्षं काम करून नोकरी सोडली आणि ग्रॅच्युइटी मागितली. तेव्हा आमच्याकडे सहाच माणसं होती, म्हणून मी "आपल्याला लागू नाही" म्हणालो. पण पूर्वी बारा होती, आणि एकदा दहाचा आकडा गाठून कायदा लागू झाला की माणसं घटली तरी तो सुटत नाही. हिशेब सोपा: शेवटचा पगार १८,००० × १५ ÷ २६ × ९, म्हणजे ९३,४६२ रुपये. भांडण झालं ते त्या १८,००० वर. माझ्या मते त्यात ओव्हरटाइमही होता. पण पगार रोख दिलेला, स्लिप नाही, नेमणूकपत्र नाही. सिद्ध कशाने करणार? दिले. माणूस चांगला होता, अजून दिवाळीला येतो.

पूर्वी मोबाइल दुरुस्ती, आता नोकरी

दुकानाचं शटर ओढलं, जीएसटी नंबर तसाच राहिला. विक्री शून्य असली तरी रिटर्न लागतं, उशिराचे दिवसाला २० रुपये. पुढे नंबर रद्द करायला गेलो तर आधी जुनी रिटर्नं भरा म्हणाले. ती भरली, रद्द झाला. आणि परवा नोटीस, शेवटचं जीएसटीआर-१० राहिलंय. कोणी भरलंय का ते? जुना साठा कसा दाखवायचा?