डायमेन्शन, मेझर, व्ह्यू, मॉडेल: मराठीत कसं सांगावं?

विचारणा

आमच्या टीममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी डेटा मॉडेलिंगच्या मूलभूत शब्दांचं एक मराठी टिपण करतेय. काम लुकरवर (डेटावरून अहवाल आणि डॅशबोर्ड बनवायचं साधन) चालतं, पण येणाऱ्यांपैकी काहींचा हात पॉवर बीआय या तशाच साधनावर बसलेला असतो, काहींचा डेटाबेसमधला कच्चा डेटा वापरायजोगा करणाऱ्या डीबीटीवर. डायमेन्शनला मिती, मेझरला माप, व्ह्यूला दृश्य, मॉडेलला प्रतिमान असं लिहून पाहिलं. वाचताना भूमितीचा धडा वाटतो. तुम्ही काय वापरता? आणि 'कॉलममध्ये आकडे असतील तर मेझर, अक्षरं असतील तर डायमेन्शन' ही व्याख्या टिपणात चालेल ना?

प्रतिसाद

व्याख्या नाही चालणार. ती येते कुठून तेही सांगतो. टॅब्लो या अशाच साधनाला डेटा जोडला की बहुतेक आकडी कॉलम तो आपणहून मेझरच्या बाजूला टाकतो. पॉवर बीआय आकडी कॉलमपुढे बेरजेचं चिन्ह लावतो. त्यामुळे शिकणाऱ्याचा समज होतो की आकडा म्हणजे मेझर. मग कोणीतरी ग्राहक क्रमांकांची बेरीज करून मोकळा होतो.

मराठीत याची सोपी कसोटी आहे. ज्या शब्दाला 'निहाय', 'वार' किंवा 'नुसार' सहज लागतं ते डायमेन्शन: जिल्हानिहाय, महिनावार, वयानुसार. ज्याच्या आधी 'एकूण', 'सरासरी', 'सर्वाधिक' किंवा 'किती' येतं ते मेझर. 'जिल्हानिहाय एकूण विक्री' म्हटलं की जिल्हा डायमेन्शन, एकूण विक्री मेझर. इतकं स्वच्छ सांगणारं प्रत्ययाचं जोडकाम आपल्या भाषेत आयतं असताना 'मिती'च्या मागे का लागायचं?

वय घ्या. कॉलम एकच, आकडी. 'वयानुसार विद्यार्थी किती' विचारलं तर वय डायमेन्शन. 'इयत्तानिहाय सरासरी वय' विचारलं तर सरासरी वय हे मेझर. म्हणजे डायमेन्शन की मेझर हे कॉलमच्या पोटात काय आहे यावर ठरत नाही, प्रश्नात त्याचं काम काय यावर ठरतं. एसक्यूएल (डेटाबेसला क्वेरी, म्हणजे प्रश्न, विचारायची भाषा) येणाऱ्यांना एका ओळीत सांगता येईल: ग्रुप बाय खाली जातं ते डायमेन्शन, सम, काउंट, ॲव्हरेजमध्ये गुंडाळलं जातं ते मेझर.

प्रतिसाद

'मेजर' नका लिहू एवढीच विनंती. आधीच 'मेजर रिलीज', 'मेजर बग' चालू असतात. मेझर बरं. लिंग नपुंसक ठेवा: 'ते मेझर चुकलंय'. आमच्याकडे क्वेरी स्त्रीलिंगी, टेबल नपुंसकलिंगी, डॅशबोर्ड पुल्लिंगी. जॉइनच्या (दोन टेबलं जोडणं) लिंगावरून मात्र रोज दोन तट पडतात.

प्रतिसाद

निहायची कसोटी आवडली, पण ती अर्धीच आहे. 'एकूण' लागलं म्हणून एकूण करणं बरोबर असतंच असं नाही. डेटा-मांडणीतले तज्ज्ञ राल्फ किंबॉल यांच्या डायमेन्शनल मॉडेलिंगमध्ये आकड्यांचे तीन प्रकार मानतात आणि ते टिपणात यायलाच हवेत. विक्री कुठल्याही दिशेने मिळवता येते. शिल्लक साठा गोदामनिहाय मिळवता येतो, पण जानेवारीची अखेरची शिल्लक आणि फेब्रुवारीची अखेरची शिल्लक मिळवून काहीच अर्थ निघत नाही. आणि सरासरी, टक्केवारी, गुणोत्तर ही कुठेच मिळवायची नसतात.

सरासऱ्यांची सरासरी काढणारे तर पावलोपावली भेटतात. एका तुकडीत 10 विद्यार्थी, सरासरी 80. दुसरीत 40 विद्यार्थी, सरासरी 60. डॅशबोर्डवर 70 दाखवलं की सगळ्यांना पटतं. खरी सरासरी 64 आहे. म्हणून मॉडेलमध्ये तयार सरासरी साठवण्याऐवजी बेरीज आणि संख्या ठेवायची, भागाकार सगळ्यात शेवटी.

प्रतिसाद

व्ह्यूला 'दृश्य' करूच नका, कारण व्ह्यू ही एकच वस्तू नाही. डेटाबेसमध्ये व्ह्यू म्हणजे नाव देऊन साठवलेली क्वेरी. लुकरमध्ये व्ह्यू म्हणजे एका टेबलाचं (किंवा क्वेरीतून बनवलेल्या टेबलाचं) वर्णन: त्यात कोणती डायमेन्शन्स, कोणती मेझर्स. डेटाबेसमधल्या व्ह्यूवर लुकरचा व्ह्यू बेतलेला असू शकतो. तिथे 'दृश्यावरचं दृश्य' लिहिणार का?

मॉडेलचं तर विचारूच नका. लुकरमध्ये मॉडेल म्हणजे कोणत्या डेटाबेसला जोडायचं आणि कोणते एक्सप्लोर उघडायचे हे सांगणारी फाइल. डीबीटीमध्ये बहुतेक वेळा एक सिलेक्ट क्वेरी म्हणजे एक मॉडेल, त्यामुळे एका प्रकल्पात शेकडो असू शकतात. पॉवर बीआयमध्ये ज्याला आधी डेटासेट म्हणत, त्याचं 2023 मध्ये सिमॅन्टिक मॉडेल झालं. शेजारच्या टेबलवर मशीन लर्निंगवाले बसले असतील तर त्यांचं मॉडेल आणखी निराळं. मूळ रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांमध्ये मांडायची पद्धत) संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलं, ते या डेटा-साधनांच्या खाली आहेच. तेव्हा टिपणात नुसतं 'मॉडेल' लिहूच नका. 'लुकरचं मॉडेल', 'डीबीटी मॉडेल' असं कुळासकट लिहा.

प्रतिसाद

एक्सप्लोर राहिलं. वापरणारा जिथून प्रश्न विचारायला सुरुवात करतो ती जागा: एक मुख्य व्ह्यू आणि त्याला जोडलेले बाकीचे. 'अन्वेषण' लिहिलंत तर पोलीस तपास वाटेल.

प्रतिसाद

माझ्या मते सगळ्यात जास्त जागा ग्रेनला द्या. ग्रेन म्हणजे टेबलातली एक ओळ कशाची आहे. मी मराठीत हाच प्रश्न लिहिते: 'एक ओळ म्हणजे एक काय?' एक ऑर्डर? ऑर्डरमधली एक वस्तू? एका दिवसाची शिल्लक? याचं उत्तर एका दमात देता येत नसेल तर पुढे जॉइन करूच नये.

ऑर्डरच्या टेबलात एक ओळ, रक्कम 900. त्या ऑर्डरमध्ये तीन वस्तू, म्हणून वस्तूंच्या टेबलात तीन ओळी. दोन्ही जोडले की 900 तीनदा येतात आणि बेरीज 2700 होते. क्वेरी चालते, एरर येत नाही, आलेखही छान दिसतो. याला फॅन-आउट म्हणतात. मी 'ओळी फुगणं' म्हणते आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं. लुकरमध्ये प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखता येईल असा कॉलम) आणि दोन टेबलांमधलं नातं (एकास अनेक, अनेकास एक) नीट लिहिलं असेल तर तो बेरीज करताना प्रत्येक ऑर्डर एकदाच धरतो. त्याला सिमेट्रिक ॲग्रिगेट म्हणतात. याला मराठी शब्द शोधू नका, काय होतं ते सांगा. मात्र नातंच उलटं लिहिलं तर आकडा चुकणारच.

विचारणाऱ्या

'एक ओळ म्हणजे एक काय' हे तसंच्या तसं उचलते. निहायची कसोटी पहिल्या पानावर घेतेय. एक शंका राहिली: मेझर आणि मेट्रिक एकच का? आणि फिल्टरबद्दल वेगळं काही लिहायला हवं का?

प्रतिसाद

बोलताना दोन्ही एकच वापरतात आणि बहुधा बिघडत नाही. वेगळं करायचंच असेल तर मेझर म्हणजे हिशोब (ऑर्डरची रक्कम मिळवा), मेट्रिक म्हणजे त्या हिशोबाला संस्थेने दिलेला ठरलेला अर्थ (निव्वळ विक्री, परत आलेला माल वगळून). 'निर्देशांक' मात्र नको, तो इंडेक्ससाठी रुळलाय. मराठी हवंच तर 'निर्देशक'.

फिल्टरबद्दल दोन ओळी पुरेत. डायमेन्शनवर लावलेला फिल्टर बेरजेच्या आधी ओळी गाळतो, मेझरवर लावलेला बेरजेनंतर गट गाळतो. '100 पेक्षा मोठ्या ऑर्डरी' आणि 'ज्यांच्या ऑर्डरींची बेरीज 100 पेक्षा जास्त आहे असे ग्राहक' ही दोन वाक्यं शेजारी छापा, खाली दोघांची उत्तरं द्या.

प्रतिसाद

आणि प्रत्येक मेट्रिकपुढे काय धरलं आणि काय सोडलं ते लिहा. 'सक्रिय ग्राहक' एवढंच लिहिलेलं टिपण मी पाहिलंय. विक्रीवाल्यांच्या मते ज्याने 90 दिवसांत काही घेतलं तो सक्रिय, ॲपवाल्यांच्या मते ज्याने 30 दिवसांत लॉगिन केलं तो. दोघांचे डॅशबोर्ड एकाच बैठकीत उघडले होते.