खलनायकाला भूतकाळ द्यायचा की नाही? जोकर, किलमाँगर, झीमो वगैरे (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

शेवटची रांग

सुपरहिरोपटांत एक रीतच पडून गेली आहे. खलनायक पडद्यावर आला की पाठोपाठ त्याचं दुःख येतं. बाप मारायचा, गाव जळालं, प्रयोग फसला, बायको गेली. माझं म्हणणं असं की ही पूर्वकथा बहुतेक वेळा खलनायकाला मोठं करत नाही, खुजं करते. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे 'द डार्क नाइट' (२००८) मधला हीथ लेजरचा जोकर.

गालांवरच्या व्रणांची गोष्ट तो दोनदा सांगतो. गॅम्बोल या गुंडाला सांगतो की दारुड्या बापाने चाकूने तोंड फाडलं. पुढे पार्टीत रेचलला सांगतो की जुगाराच्या देण्यापायी बायकोचा चेहरा लोकांनी विद्रूप केला आणि तिला बरं वाटावं म्हणून मीच वस्तरा तोंडात घातला. ऐकताना दोन्ही खऱ्या वाटतात, पण दोन्ही खऱ्या असूच शकत नाहीत. पहिली ऐकून आपण थोडे हळहळतो, दुसरी ऐकल्यावर कळतं की ती हळहळ त्याने आपल्याकडून काढून घेतली होती. शेवटी उंच इमारतीवर तो बॅटमॅनला तिसऱ्यांदा सांगू लागतो, तेव्हा बॅटमॅन ऐकूनच घेत नाही.

दुसरं असं की अराजक म्हणजे गलथानपणा नव्हे. हॉस्पिटलात जखमी सरकारी वकील हार्वी डेंटजवळ बसून तो सांगतो की मी योजना आखणारा माणूसच नाही. पण सुरुवातीचा बँकेवरचा दरोडा आठवा. विदूषकाचे मुखवटे घातलेल्या प्रत्येकाला हुकूम आहे की शेजाऱ्याचं काम संपलं की त्याला उडवायचं. अलार्मवाला गेला, तिजोरीवाला गेला, वाटेकरी कमी होत गेले. मग शाळेची बस भिंत फोडून उलटी आत येते, पैसे भरले जातात आणि तीच बस शाळेच्या इतर बसच्या रांगेत मिसळून निघून जाते. हे मिनिटामिनिटाचं गणित आहे. म्हणून मी म्हणतो, अराजकी खलनायकाला भूतकाळ देऊ नका, पण त्याच्या कृतीचा आराखडा चोख ठेवा. हे उलटं झालं की पात्र ढासळतं. २०१९ च्या 'जोकर' या चित्रपटाचं तेच झालं.

कृष्णधवल

साफ असहमत, आणि दोन्ही मुद्द्यांवर.

२००८ च्या जोकरचा आराखडा चोख दिसतो, कारण पटकथा त्याला वाटेल ती सवलत देते. अख्ख्या हॉस्पिटलात स्फोटकं पेरली जातात, दोन प्रवासी बोटींच्या तळाशी पिंपंच्या पिंपं भरली जातात. कोणी भरली, कधी भरली, बंदरावर कोणाला कसं कळलं नाही? चित्रपट हे दाखवत नाही. मला तो सिनेमा आवडतो, पण तिथे जोकर हा माणूस नाही, वादळ आहे. वादळाला भूतकाळ लागत नाही, हे मान्य. सगळे खलनायक वादळं कशाला हवेत?

आता २०१९. त्यातला जोकर, म्हणजे आर्थर फ्लेक, अराजकी आहे असं तुम्ही गृहीत धरलंय. त्याच्या घरातला प्रसंग पुन्हा बघा. रँडल आणि गॅरी हे दोन सहकारी भेटायला येतात. रँडलनेच त्याला पिस्तूल दिलेलं असतं आणि प्रकरण अंगाशी आल्यावर तो खोटं बोललेला असतो. आर्थर त्याला कात्रीने मारतो. गॅरी ठेंगणा आहे, जीव मुठीत धरून दाराशी जातो, पण वरच्या साखळीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. जो माणूस आत्ताच खून करून बसलाय त्यालाच, साखळी काढून दे, म्हणून विनवावं लागतं. आणि आर्थर उठतो, साखळी काढतो, माझ्याशी तू एकटाच नीट वागलास असं सांगून त्याला जाऊ देतो.

हा हिशेब ठेवणारा माणूस आहे. भुयारी रेल्वेत मारहाण करणारे तिघे, खोटं आयुष्य देणारी आई, रँडल, टीव्हीवर टिंगल करणारा मरे. प्रत्येकाच्या नावावर काहीतरी येणं आहे. अराजक आहे ते त्याच्या भोवती: कचरा उचलणाऱ्यांचा संप, कुजलेलं शहर, मुखवट्यांचा जमाव. ही सूडकथा आहे, तिला सूडकथेच्याच मापाने मोजा.

आणि कारणं नुसती भावनिक नाहीत. तो सात वेगवेगळी औषधं घेतो. निधी कापला गेला म्हणून समुपदेशनाचं कार्यालय बंद होतं. औषधं आता कुठून आणायची, या त्याच्या प्रश्नाला समोरच्या बाईकडे उत्तर नसतं, कारण तिचीही नोकरी जाणार आहे. दुःख इतकं नेमकं दाखवलेले सुपरहिरोपट मोजकेच आहेत.

मध्यंतर

कृष्णधवल, गॅरीचा मुद्दा पटला. पण औषधांच्या मुद्द्यावर माझा जोरदार आक्षेप आहे. औषधं थांबली, माणूस खून करू लागला, ही साखळी चित्रपट फार सहज जोडतो. प्रत्यक्षात मानसिक आजार असलेले लोक हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचीच शक्यता जास्त असते. बॅटमॅनच्या कॉमिक्समध्ये आर्कमचं रुग्णालय १९७४ मध्ये आलं, तेव्हापासून खलनायक म्हटला की वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेला, हे समीकरण घट्ट बसलंय. २०१९ च्या चित्रपटाला ते मोडायची संधी होती. कारणं समाजात आहेत असं म्हणता म्हणता त्याने शेवटी बोट आजाराकडेच दाखवलं.

आता मूळ प्रश्नाबद्दल. पूर्वकथा चांगली की वाईट हे तिच्यावर एकटीवर ठरत नाही. मिस्टर फ्रीझ हे पात्र १९५९ मध्ये आलं तेव्हा त्याचं नाव मिस्टर झीरो होतं आणि थंडीची बंदूक सोडली तर त्याच्याकडे काहीच नव्हतं. १९९२ च्या बॅटमॅन ॲनिमेशन मालिकेतल्या एका भागाने त्याला नोरा ही गोठवून ठेवलेली आजारी बायको दिली आणि तिला वाचवायचा प्रयोग बंद पाडणारा कंपनीचालक दिला. आवाज सपाट, चेहरा निर्विकार, हातात काचेच्या गोळ्यातली छोटी नर्तकी. पात्र उभं राहिलं. १९९७ च्या चित्रपटात तीच नोरा, तोच आजार, तीच मशीन. पण फ्रीझ झालेला अर्नोल्ड श्वार्झनेगर तोंड उघडतो तेव्हा बर्फावरची कोटी करतो. बायकोसाठी तडफडणारा माणूस सतत कोट्या करू लागला की प्रेक्षक दोन्हींवरचा विश्वास काढून घेतो. तेव्हा भूतकाळ दिला का, एवढंच विचारून भागत नाही. तो दिल्यावर पात्राचं बोलणं-चालणं त्याच्याशी जुळतं का, हेही बघावं लागतं.

शेवटची रांग

आर्थर हिशेबी आहे, हे मी मान्य करतो. माझी तिथे चूक झाली.

पण मग शोकांत खलनायकाची खरी अडचण बघा. त्याची बाजू फारच पटू लागली की लेखक घाबरतो आणि त्याच्या हातून मुद्दाम एखादं अमानुष कृत्य करवून घेतो, म्हणजे प्रेक्षक परत नायकाकडे येईल. 'ब्लॅक पँथर' (२०१८) मधला किलमाँगर घ्या. १९९२ चं अमेरिकेतलं ओकलंड, वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा टचाका सख्ख्या भावाला मारतो आणि त्याच्या मुलाला, म्हणजे पुढच्या किलमाँगरला, मागे टाकून निघून जातो. वाकांडाकडे सगळं होतं, मग जगभरच्या आपल्या लोकांसाठी काय केलंत, हा त्या मुलाचा प्रश्न बिनतोड आहे. म्हणून काय केलं? त्याला स्वतःच्या जोडीदारणीवर गोळी झाडायला लावली, वनौषधीची बाग जाळायला लावली, तिथल्या म्हाताऱ्या बाईचा गळा धरायला लावला. प्रश्नाला उत्तर देता येईना म्हणून विचारणाऱ्याला काळं फासलं.

कृष्णधवल

याच चित्रपटात त्याचं उत्तर आहे, फक्त ते सीआयएच्या रॉसच्या तोंडी एका छोट्या संवादात येतं म्हणून निसटतं. रॉस सांगतो की किलमाँगर अमेरिकी लष्कराच्या गुप्त तुकडीत होता आणि सरकारं उलथवणं हे त्यांचं काम. राजा मेला, निवडणूक आली, अशी सत्ता बदलायची वेळ हेरायची आणि घाव घालायचा. आता बाग जाळणं पुन्हा बघा. ती औषधी पिऊनच वाकांडाचा पुढचा रक्षक, म्हणजे ब्लॅक पँथर, तयार होतो. बाग जाळली म्हणजे पुढचा दावेदारच उरला नाही. त्याच्या प्रशिक्षणात नेमकं हेच बसतं. ज्या सत्तेचा त्याला राग आहे तिचीच अवजारं त्याच्या हातात आहेत, आणि दुसरी त्याला कोणी दिलीच नाहीत. शोकांतिका ती इथे आहे, बापाच्या मरणाइतकीच.

शिवाय चित्रपट त्याचा प्रश्न टाळत नाही. शेवटी नायक टचाला, म्हणजे टचाकाचा मुलगा, ओकलंडमध्येच, त्याच इमारतीत, मदतकेंद्र उघडतो. खलनायक हरतो आणि नायकाचं धोरण बदलतं.

कर्णाचं दुःख ज्यांना आतपर्यंत समजतं, त्या मराठी वाचकांनाही द्यूतसभेत द्रौपदीला उद्देशून तो जे बोलला ते टोचतंच. म्हणून कोणी म्हणत नाही की व्यासांनी त्याला मुद्दाम काळं फासलं.

सारंगी

संगीताबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. दोन्ही जोकरांसाठी चेलो (व्हायोलिनसारखं, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य) वापरलाय आणि तो अगदी उलट्या कामाला लावलाय.

२००८ मध्ये संगीतकार हान्स झिमरने जोकरसाठी चाल केलीच नाही म्हटलं तरी चालेल. एकच सूर आहे, तो करकरत, घसटत वर ताणला जातो आणि कुठे उतरतच नाही. चाल असली की ती पुन्हा ऐकताना आठवण तयार होते, आणि आठवण आली की भूतकाळ आला. एका सुराला भूतकाळ नसतो. शेवटची रांग यांचा पहिला मुद्दा तिथे कानांनी ऐकू येतो.

२०१९ मध्ये हिल्दुर गुडनादोत्तिर या आइसलँडच्या संगीतकार बाईंनी पटकथा वाचून चित्रीकरणाआधीच संगीत रचायला घेतलं. त्यांचा चेलो संथ आणि जड आहे, त्याला चाल आहे, आणि मागे वाद्यवृंद हळूहळू वाढत जातो. तिघांना मारून आर्थर सार्वजनिक स्वच्छतागृहात शिरतो, तो सीन पटकथेत वेगळा होता. दिग्दर्शकाने सेटवर तो चेलो वाजवला आणि आर्थर झालेल्या वाकिन फीनिक्सचं ते संथ नृत्य तिथेच सुचलं. आधी पाऊल सरकतं, मग हात उघडतात. खून करून आलेला माणूस पहिल्यांदाच स्वतःच्या अंगात सुखाने उभा आहे, हे संवादाविना कळतं. त्या संगीताला ऑस्कर मिळालं ते योग्यच.

मध्यंतर

भूतकाळ नसलेला खलनायक आपल्याला २००८ मध्ये भेटला असं नाही. 'शोले' (१९७५) मधल्या गब्बरला आई-बाप, गाव, अन्याय काहीच दिलेलं नाही. हरून आलेल्या तीन साथीदारांसमोर तो रिव्हॉल्व्हरमधल्या सहापैकी तीन गोळ्या हवेत झाडतो, चक्र फिरवतो आणि एकेकावर चाप ओढतो. तिघेही वाचतात. तो खदाखदा हसतो, सगळे हसू लागतात, आणि मग तो तिघांनाही उडवतो. खेळ नशिबाचा, निकाल आधीच ठरलेला.

आता 'द डार्क नाइट'मधलं हार्वी डेंटचं नाणं त्याशेजारी ठेवा. आधी नाण्याला दोन्हीकडे छापाच असतो, म्हणजे डेंट नशिबाचं नाव घेऊन स्वतःच निर्णय करत असतो. त्याची प्रेयसी रेचल गेली त्या रात्री नाण्याची एक बाजू जळते. तेव्हापासून छापा-काटा खरा होतो. मोटारीत मरोनी या माफियासाठी उडवतो, चांगली बाजू पडते, तो वाचतो. लगेच ड्रायव्हरसाठी उडवतो, जळकी बाजू पडते, ड्रायव्हर मरतो आणि गाडी उलटते. शोकांत आणि अराजकी हे दोन्ही एका पात्रात हवे असतील तर ते इथे आहेत. कारण पूर्ण कळतं, कृती कोणाच्याच हातात नाही.

आणि हॉस्पिटलात जोकर त्याच्या हाती रिव्हॉल्व्हर देऊन स्वतःच्या कपाळावर टेकवतो, तेव्हा जोकरचं बोट कुठे आहे ते बघा. घोड्यावर, म्हणजे चाप ओढल्यावर आदळणाऱ्या मागच्या खटक्यावर; तो धरून ठेवला की गोळी सुटत नाही. अराजकाचं प्रवचन देणारा माणूस स्वतःचा जीव नशिबावर सोडत नाही.

शेवटची रांग

बोटाचं निरीक्षण फार मोलाचं आहे. माझ्या आराखड्याच्या मुद्द्याला याहून चांगला आधार मी शोधू शकलो नसतो.

तरी पूर्वकथेविषयी माझं मत कायम आहे. ती आली की प्रेक्षकाचं काम संपतं.

कृष्णधवल

ती कधी येते यावर ते आहे. 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' (२०१६) मधला झीमो अधूनमधून फोनवर बायकोचा जुना निरोप ऐकत असतो. आपल्याला वाटतं, घरी बायको वाट बघतेय. अगदी शेवटी, सायबेरियातल्या बर्फात, तो टचालाला सांगतो की सोकोव्हिया या त्याच्या देशात, सुपरहिरोंच्या लढाईत, घर कोसळलं आणि घरच्यांचे मृतदेह सापडायला दोन दिवस लागले. मग तो निरोप पुसून टाकतो. त्याक्षणी मागचे सगळे फोनचे सीन प्रेक्षक स्वतः परत जोडतो. इथे पूर्वकथेने काम संपवलं नाही, सुरू केलं. हीच माहिती पाचव्या मिनिटाला दिली असती तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. 'थॉर: लव्ह अँड थंडर' (२०२२) मधल्या गॉरचं तसंच झालं: वाळवंटात मुलगी गमावण्याचा प्रसंग पहिल्याच मिनिटांत येतो, तो जबरदस्त आहे, पण पुढे देवांची कत्तल करणारा हा माणूस पडद्यावर कत्तल करताना जेमतेम दिसतो.

शेवटची रांग

झीमोबाबत माघार घेतो. निरोप पुसण्याचा तो सीन मी पूर्वकथा म्हणून कधी मोजलाच नव्हता.

आर्थरचा शेवट मात्र माझ्या बाजूने बोलतो. २०२४ च्या दुसऱ्या भागात तो भर कोर्टात कबूल करतो की जोकर असा कोणी नाही, मीच होतो. पुढे आर्कमच्या मार्गिकेत एक तरुण कैदी त्याला भोसकतो. आर्थर जमिनीवर पडलेला, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर, आणि मागे अंधुक आकृतीत तो पोरगा हसत हसत हत्याराने स्वतःचं तोंड चिरतोय. दोन चित्रपट ज्याचा भूतकाळ उलगडण्यात गेले, त्याच्याकडून हसू काढून घेतलं आणि ज्याचं नावही माहीत नाही त्याला दिलं.

कृष्णधवल

दिलं, पण फोकस शेवटपर्यंत आर्थरवरच आहे. पोरगा धूसरच राहतो.