सर्वच संघ बाद फेरीत जातात, मग गटसामने कशासाठी?

क्रीडाशिक्षक, अमळनेर: एकोणीस वर्षांखालील जागतिक बास्केटबॉल स्पर्धेत १६ देशांचे संघ चार गटांत विभागले जातात आणि प्रत्येकी तीन सामने झाल्यावर सर्वच्या सर्व बाद फेरीत दाखल होतात, हे माझ्या विद्यार्थ्यांना पटत नाही. तिन्ही सामने हरलेला संघही पुढे जाणार असेल, तर गटसामन्यांना अर्थ काय उरतो?

भुसावळकर: सर, अर्थ आहे तो क्रमांकाला. गटातील पहिल्या संघाची गाठ दुसऱ्या गटातील चौथ्याशी पडते, तर दुसऱ्याची तिसऱ्याशी; त्यामुळे गटात ढिलाई करणाऱ्या संघासमोर लगेच तगडा प्रतिस्पर्धी उभा राहतो आणि पदकाची आशा तिथेच संपू शकते. पुढे हरलेल्यांनाही क्रमवारीचे सामने खेळावे लागतात, म्हणून प्रत्येक संघाच्या वाट्याला सात सामने येतात. आपल्याकडे तालुका स्पर्धेत एक सामना हरला की पोरे दुपारच्या एसटीने घरी!

माजी खेळाडू, धुळे: मला मैदानाचा फरक अधिक खटकतो. आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा २०१० मध्ये ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली, तरी आमच्या भागातील एका सिमेंटच्या मैदानावर दरवर्षी जुन्याच रेषेवर नवा रंग चढतो.

क्रीडाशिक्षक, अमळनेर: दोघांचेही आभार. आशियातून पात्रता कशी मिळते?

भुसावळकर: अठरा वर्षांखालील आशिया चषकातील पहिले चार संघ पात्र ठरतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही याच चषकात खेळत असल्याने भारताची वाट बिकट आहे.