अंगुस्तान मापाचं हवं, आणि खालचं बोटही जपा

वर एका ताईंनी लिहिलंय की अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, घातलं की बोट अवघडतं, म्हणून त्या उघड्या बोटानंच गोधडी शिवतात. ताई, बहुतेक माप चुकतंय. सुई ढकलणाऱ्या हाताच्या मधल्या बोटात ते हात झटकला तरी पडू नये, पण बोट ठणकेल इतकं घट्टही नको. सुईचं नेढं त्यावरच्या बारीक खळग्यांत टेकवून ढकला. सुई निसटू नये म्हणूनच त्या असतात.

खरे हाल मात्र खालच्या बोटाचे. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळव्याकडे उन्हाळ्यात जुन्या लुगड्यांच्या वाकळा, म्हणजे गोधड्याच, शिवतात, त्यात प्रत्येक टाक्याला सुईचं टोक कापडाखालच्या बोटालाच लागतं. आईच्या त्या बोटाला घट्टे पडलेत. त्यात तिला मधुमेह, टोचलेलं कळतही नाही. म्हणून दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे त्या बोटाला दिल्याशिवाय मी तिला शिवायला बसूच देत नाही. रोज बघते, जखम नाही ना.

आणि कडेच्या जाड थरात सुई अडली तर कृपा करून दातानं ओढू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यात धरून ओढा, लगेच येते.