मदत हवी आहे: इंग्रजीतलं 'हॅव' नेमकं कधी, कसं वापरायचं?

अर्धविराम
कोशात 'हॅव'चा पहिला अर्थ 'जवळ असणे' असा दिसतो. मग 'हॅव अ बाथ'मध्ये जवळ काय असतं? खालची वाक्यं चुकीची आहेत एवढं कळलंय, पण का ते कळत नाही.

१. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.
२. ही डझन्ट हॅज टाइम.
३. आय हॅव मेट हिम यस्टरडे.
४. यू डोन्ट हॅव टू टच दिस वायर. (म्हणायचं आहे: या वायरीला हात लावायचा नाही.)

काळांचे तक्ते नकोत. बोलता बोलता ओळखता येईल अशी खूण असेल तर सांगा.

कानामात्रा
मराठीत 'हॅव'च्या जोडीचं क्रियापदच नाही, सगळा घोळ तिथून सुरू होतो. आपण मालकी विभक्तीवर किंवा शब्दयोगी अव्ययावर टाकतो आणि क्रियापद नुसतं 'आहे' ठेवतो. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, तिच्यात धमक आहे, खोलीला दोन खिडक्या आहेत. इंग्रजीत या चारही ठिकाणी मालक कर्ता होतो आणि 'हॅव' किंवा 'हॅज' येतं. खोलीसुद्धा मालकीण: 'द रूम हॅज टू विंडोज'. पण 'खोलीत खिडक्या आहेत' म्हणायचं असेल तर 'देअर आर'.

यातूनच आणखी एक चूक होते. आपलं 'आहेत' हे भावांच्या संख्येवरून ठरतं, इंग्रजी क्रियापद मालकावरून. म्हणून 'ही हॅव टू ब्रदर्स' तोंडात येतं. भाऊ दोन असोत की दहा, मालक 'ही' आहे, तर 'हॅज'च.

आता पहिलं वाक्य. मराठीत 'आहे' हेच मुख्य क्रियापद असेल तर 'हॅविंग' नाही. 'मला दोन भाऊ आहेत', म्हणून 'आय हॅव टू ब्रदर्स'. मराठीत खरीखुरी क्रिया असेल (जेवतोय, अंघोळ करतेय, मजा करतायत) तर 'हॅविंग' चालतं: 'शी इज हॅविंग अ बाथ'. या वाक्यांत 'हॅव'ला स्वतःचा अर्थ जवळपास नसतोच, तो पुढच्या नामातून येतो. 'हॅव अ लुक' म्हणजे बघणे, 'हॅव अ टॉक' म्हणजे बोलणे.

ही खूण दुखण्यांत फसते, हे आधीच सांगून ठेवते. 'डोकं दुखतंय', 'ताप आलाय' यांत मराठीत क्रिया आहे, पण इंग्रजीत 'आय हॅव अ हेडेक', 'शी हॅज अ फीव्हर'. इंग्रजी आजारालाही मालमत्ताच समजते म्हणायचं!

उकार
दुसऱ्या वाक्याचं सोपं आहे. 'डझ' आणि 'डिड' आले की पुरुष आणि काळ तेच वाहतात, मागे उरतं ते मूळ 'हॅव'. 'ही डझन्ट हॅव टाइम', 'डिड यू हॅव लंच?' 'डिड यू हॅड' कधीच नाही. विल, कॅन, शुड यांच्यामागेही 'हॅव'च: 'शी विल हॅव टाइम'.

'हॅव यू गॉट अ पेन?' आणि 'डू यू हॅव अ पेन?' दोन्ही बरोबर, पहिलं ब्रिटिश बोलण्यात जास्त. मात्र दोन्हींची खिचडी करून 'डू यू हॅव गॉट' म्हणू नका.

तळटीप
तिसऱ्या वाक्यात 'हॅव' मुख्य क्रियापद नाही, मदतनीस आहे. 'भेटलोय'मधला जो 'आहे' मिसळून गेलाय, त्याचं काम ते करतं. फरक एवढाच की मराठीत 'मी त्याला काल भेटलोय' चालतं, इंग्रजीत संपलेली वेळ सांगितली की हा 'हॅव' गळतो. काल, गेल्या वर्षी, २०१९ साली, दोन तासांपूर्वी: यांपैकी काहीही असलं तर 'आय मेट हिम यस्टरडे'. वेळ सांगायची नसेल तर 'आय हॅव मेट हिम'.

याच हिशेबाने 'हॅड हॅड'ची भीती जाते. 'मी जेवलो होतो' घ्या. 'आय हॅड हॅड लंच'मधला पहिला 'हॅड' म्हणजे होतो, दुसरा म्हणजे जेवलो. 'मी जेवलोय' म्हणजे 'आय हॅव हॅड लंच'.

कानामात्रा
चौथं वाक्य चारांत सगळ्यांत धोक्याचं, कारण व्याकरण शुद्ध आहे आणि अर्थ उलटतो. 'डोन्ट हॅव टू' म्हणजे गरज नाही, हवं तर करा. ऐकणारा वायरीला खुशाल हात लावेल. मनाईसाठी 'यू मस्टन्ट टच दिस वायर' किंवा सरळ 'डोन्ट टच'. आपलं 'लावायचा नाही' मनाई सांगतं. आपण 'हॅव टू' म्हणजे 'लागतं, करायचं असतं' असं पाठ केलेलं असतं आणि त्यालाच 'डोन्ट' जोडून मोकळे होतो.

उच्चारही सांगते. या 'हॅव टू'चा बोलताना 'हॅफ्टू' होतो, 'हॅज टू'चा 'हॅस्टू'. पुढचा 'ट' अघोष (म्हणजे घसा न थरथरता उच्चारला जाणारा), तो मागच्या व्यंजनालाही अघोष करतो. 'आय हॅव टू ब्रदर्स'मधला 'टू' दोन आकड्याचा, तिथे 'व' तसाच राहतो. देवनागरीत दोन्ही 'टू' सारखेच दिसतात, कानाला फरक कळतो.

अर्धविराम
खूप धन्यवाद, 'जेवलो होतो'ने डोक्यात प्रकाश पडला. एक शेवटचं: 'मी केस कापले' याला 'आय हॅड कट माय हेअर' चालेल?

तळटीप
नाही. त्याचा अर्थ 'मी स्वतःच्या हाताने केस कापले होते'. दुसऱ्याकडून कापून घेतले असतील तर वस्तू मध्ये येते: 'आय हॅड माय हेअर कट'. मराठीत जिथे 'करून घेणे' बसतं तिथे हा क्रम: हॅव, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. घड्याळ दुरुस्त करून घेतलं: 'आय हॅड माय वॉच रिपेअर्ड'.

उकार
+१. पण हाच क्रम मनाविरुद्ध घडलेल्या गोष्टीलाही चालतो. 'शी हॅड हर फोन स्टोलन' म्हणजे तिचा फोन चोरीला गेला. तिथे 'चोरून घेतला' असं भाषांतर केलंत तर चोर तिलाच ठरवाल.